लग्नाच्या दिवशी बंद केलेली लिफ्ट

आमचे हे लिफ्टचे मिस्त्री आहेत. तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय? थांबा, सांगते. परवा आमच्या मुलीचं लग्न झालं, आणि त्या दिवशी जे घडलं ते अजून माझ्या पोटात राहत नाहीये. बेकरीच्या काउंटरवर पाव देता देता निम्म्या गिऱ्हाइकांना सांगून झालंय. मालक म्हणाले, बाई, लोक इथे पाव घ्यायला येतात. मी म्हटलं, पावासोबत फुकट मिळतंय तर घेऊ द्या की.

तर आमचे हे. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि कुठून तरी काहीतरी ऐकू येतंय अशा चेहऱ्याचे. कुणाच्याही इमारतीत पाऊल टाकलं की आधी लिफ्टपाशी उभं राहून मान तिरकी करून आवाज ऐकणार. एकदा माझ्या मावशीकडे गेलो होतो. ती बिचारी दार उघडून वाट बघतेय आणि हे तळमजल्यावर मशीनचा आवाज ऐकतायत. मी वर गेले, चहा झाला, मावशीच्या सुनेची उणीदुणी काढून झाली, तेव्हा कुठे हे उगवले. माणूस म्हणून मला कधी कधी यांची लाज वाटते, पण मिस्त्री म्हणून कधीच वाटली नाही.

यांची एक रीत आहे. कुठलीही लिफ्ट दुरुस्त केली की त्या दिवशीचा डबा त्या लिफ्टमध्येच खायचा. खाली बसायचं, मांडीवर डबा उघडायचा आणि वर-खाली फिरत जेवायचं. लोक आत शिरतात, दचकतात, यांना ओलांडून उभे राहतात. हे त्यांना विचारणार, "कितवा?" आणि खरकट्या हाताच्या कोपराने बटण दाबणार. मी पुष्कळ सांगून पाहिलं की अहो, बरं दिसत नाही. तर म्हणे, "जिथं माझ्या घशाखाली घास उतरत नाही, तिथं दुसऱ्याला कसं उभं करू?" यावर काय बोलायचं? मी डब्यात रस्सा द्यायचा बंद केला, एवढंच माझ्या हातात होतं.

देवाच्या बाबतीतही यांचं असंच. रविवारी चर्चमध्ये शेवटचा बाक यांचा. गातात बेसूर, पण असं मनापासून की पुढच्या बाकावरच्या बाया मान वळवून बघतात. कामाच्या दिवशी मशीनला हात लावण्याआधी डोळे मिटून उभे राहतात. नवी नवी होते तेव्हा मी विचारलं होतं, एवढं काय मागता हो? म्हणाले, "मागत काही नाही. हजेरी देतो." आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची फार इच्छा, की यांनी मंडळीच्या कामात पुढे यावं. एका रविवारी बायबलचं वाचन दिलं यांना. हे उभे राहिले, दोन ओळी वाचल्या, आणि खिशातला फोन वाजला. कुठल्या तरी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये एक बाई अडकली होती. हे पुस्तक माझ्या हातात देऊन चालते झाले. उरलेलं मी वाचलं, तेही चष्मा नसताना. नंतर पाळकसाहेब म्हणाले, "उपासना अर्धवट टाकून गेलात हो." हे म्हणाले, "टाकली नाही साहेब, तिकडे चालू ठेवली." पाळकसाहेबांनी पुन्हा वाचन दिलं नाही.

आता लग्नाकडे येते. त्याआधी माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. आई आमच्याकडेच राहते, सातव्या मजल्यावर. तिने चर्चच्या रविवारच्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवलं. देवाच्या आज्ञा पाठ करून घ्यायची. ज्याला येत नसत त्याला बाकावर उभं करायची. आता गुडघे साफ गेलेत. घरातल्या घरात भिंत धरून चालते. अंगाने भरलेली आहे, हे मी पोटची मुलगी म्हणून सौम्य शब्दांत सांगतेय. माझी बेकरीची पाळी पहाटेची, त्यामुळे आमच्या मुलीला उठवणं, तिच्या वेण्या घालणं, तिला शाळेत धाडणं, तिची दुखणी काढणं, सगळं आईने केलं. आई मी असले तरी मुलगी तिचीच. लग्न ठरल्या दिवसापासून मुलीने एकच धोशा लावलेला, की आजी सगळ्यात पुढच्या बाकावर हवी. ती दिसली की मी आत पाऊल टाकणार.

त्या दिवशी सकाळी घर म्हणजे नुसता गोंधळ. मुलीचा पांढरा पायघोळ झगा कपाटाच्या दाराला टांगलेला, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून आई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकवून शिकवून त्याचा आवाज असा झालाय की तो ओरडला की शेजारच्या गाडीतला माणूसही थांबतो. तो फोनवर सगळ्यांना हुकूम सोडतोय. त्यात पाळकसाहेबांना आमचं लग्न लावून लगेच दूरच्या गावी एका अंत्यविधीला जायचं होतं. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की उशीर केलात तर माझा नाइलाज आहे. आणि हे कुठे? तर आम्ही उठायच्या आधीपासून लिफ्टपाशी. आज पाहुणे येणार, आईंना न्यायचं, म्हणून आधी तपासून घेतो म्हणाले. पाण्याने भरलेले ड्रम लिफ्टमध्ये चढवून वर-खाली करत बसले होते.

मग हे घरात आले. चेहरा बघूनच माझ्या हातातली पिन खाली पडली.

"लिफ्ट बंद केलीय," हे म्हणाले.

"बंद? अहो, आईला खाली नेऊ आणि मग करा हवी तेवढी बंद."

"ब्रेक घसरतोय. तेल गळून ब्रेकच्या पट्ट्यांवर आलंय. वजन घातलं की मजल्यावर धरत नाही, खाली सरकते."

"केवढी?"

यांनी बोटं ताणून वीतभर दाखवली.

"मग पुसा ना ते तेल. मी फडकं देते."

"पुसलं. आत मुरलंय. पट्ट्याच बदलायला हव्यात, आणि आज दुकान बंद."

झालं. घरात जो काही धुरळा उडाला. दादा म्हणाला, वीतभर म्हणजे काय, पाऊल जरा उचलून टाकायचं. मी म्हटलं, कालपर्यंत आपण सगळे याच लिफ्टमधून गेलो ना? कुणाचं काय वाकडं झालं? हे म्हणाले, "काल मला माहीत नव्हतं." मुलगी आतून आली, अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. तिने ऐकलं आणि आधी ती हसलीच. तिला वाटलं बाबा थट्टा करतायत. मग तिने यांच्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"आजी कशी येणार?"

"मी पाठीवर नेतो," हे म्हणाले.

"माझ्या आयुष्यात मी कुणाच्या पाठीवर बसले नाही," आई खुर्चीतून कडाडली. "जिन्यात सगळी इमारत बघेल. यातली निम्मी मुलं मी शिकवलीत. मी काय पोतं आहे?"

दादाने खुर्ची उचलून न्यायची टूम काढली. खुर्चीत आईला न बसवता त्याने आणि यांनी आधी नुसती खुर्ची नेऊन पाहिली. आमचा जिना अरुंद, पहिल्याच वळणावर खुर्चीचे पाय कठड्यात अडकले, आणि ती सोडवताना दादाचं बोट चेमटलं. ते चोखत तो वर आला. हे आंघोळीला गेले, जाता जाता एवढंच म्हणाले, की आवरून येतो, मग आईंशी बोलतो.

इथे दादाच्या अंगात आलं. यांची कामाची पँट दारामागे टांगलेली, तिच्या खिशात मशीनच्या खोलीची किल्ली. त्याने ती काढली. मी पाहिलं आणि मी म्हटलं, लवकर कर. लपवायचं काय त्यात, मी तर उघड उघड दादाच्याच बाजूची होते. माझ्या मुलीचं लग्न होतं. दादा गच्चीवर धावला, मशीन चालू करून आला. तोवर झगा घालून तयार झालेल्या मुलीने आईला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि टेकत टेकत आम्ही तिला लिफ्टमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं. आईच्या मांडीवर पर्स, डोक्यावर नवी टोपी, चेहरा राणीसारखा. दादाने दाराला हात घातला.

आणि हे आले. केस ओले, सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली, कोटाची एक बाही हातात आणि दुसरी लोंबतेय, पायात नुसते मोजे. मला वाटलं आता ओरडतील. लग्न झाल्यापासून हे ओरडलेले मी ऐकलेलं नाही, पण त्या दिवशी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. हे आले, वाकले, आणि लिफ्टच्या दारात, उंबरठ्यावर, बसले. अर्धे आत, अर्धे बाहेर. दार लागल्याशिवाय आमची लिफ्ट हलत नाही.

"भाऊजी, उठा," दादा म्हणाला. "वेळ चाललाय."

"नाही."

"मी खांद्याला धरून उठवीन हं."

"उठवा. पुन्हा बसेन."

मुलगी यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, माझ्याकडे बघा. खरं सांगा. ही लिफ्ट पडणार आहे का?"

देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी या माणसाने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. आम्ही सगळे गप झालो असतो, आई निमूट पाठीवर बसली असती, आणि पोरगी रडत रडत का होईना बापाच्या गळ्यात पडली असती. मी डोळ्यांनी खुणावलं सुद्धा, की म्हणा हो. यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"बहुतेक नाही," हे म्हणाले.

"बहुतेक नाही ना? मग अडवून काय बसलात?" दादाचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असेल.

"बहुतेकवर मी परक्या माणसाला बसवत नाही. यांना कसं बसवू?"

"एकच फेरी बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, लहानपणी तापात व्हायचा तसा. "आज मी मागतेय. आजचा एक दिवस लिफ्टवाले नका ना होऊ. नुसते माझे बाबा व्हा."

हे हाताने तिच्या डोक्याला शिवायला गेले, तर तिने डोकं मागे घेतलं, उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला यांचा एवढा राग आला, एवढा राग आला, की समोर बेकरीची परात असती तर मी ती आपटली असती. आणि त्याच वेळी यांच्याकडे बघून माझा जीव तुटत होता. दोन्ही एकदम होतं, लग्न झालेल्या बायांना ते सांगायला नको.

"सगळे बाजूला व्हा," लिफ्टमधून आई म्हणाली. "मला बोलू द्या. जावईबापू, जीव माझा आहे ना? मी माझ्या जबाबदारीवर बसते. झालं?"

"जीव तुमचा असेल आई. हात माझा आहे."

"तुमचा हात!" आईने पर्स आपटली. "मी सांगते काय आहे ते. तुम्ही तिकडे वर मशीनपाशी डोळे मिटून देवाला विचारून आला असाल, आणि त्याने सांगितलं असेल बंद कर म्हणून. बरोबर? छान. आज्ञा पाळायची तुम्ही, आणि शिक्षा कुणाला? मला. तुम्ही देवापुढे स्वच्छ, आणि मी खिडकीत बसून नातीच्या लग्नाला जाणाऱ्या गाड्या बघू. असलं आज्ञापालन मी माझ्या वर्गात कुणाला शिकवलं नाही."

दादासुद्धा बोट चोखायचा थांबला. मला आईचा असा अभिमान वाटला, कारण माझ्या मनात जे तासभर नुसतं उकळत होतं, ते तिने नेमकं काढून समोर ठेवलं होतं. हे मान खाली घालून बसले होते. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते मला तेव्हा दिसलं.

"बरोबर आहे तुमचं," हे म्हणाले. "'नाही' मी म्हटलंय. त्याचं ओझं तुमच्यावर टाकून मला मोकळं नाही होता येणार."

मग हे उठले. आईला हात देऊन लिफ्टबाहेर आणलं, दादाकडे हात पुढे केला. दादाने किल्ली दिली. हे गच्चीवर गेले, मशीन बंद करून आले, किल्ली मोज्यात सारली, बूट घातले, कोटाची दुसरी बाही चढवली आणि आईसमोर पाठ करून उकिडवे बसले.

"चढा आई. मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. लिफ्ट बंद केली, त्याच कामाचं हे राहिलेलं आहे."

दादा म्हणाला, मी घेतो भाऊजी. हे म्हणाले, नको, 'नाही' तुम्ही म्हटलेलं नाही.

"पडलात तर?" आईने विचारलं.

"तर खाली मी असेन."

"कोट चुरगळेल."

"चुरगळू दे."

आईने टोपी काढून माझ्या हातात दिली, पर्स गळ्यात अडकवली, आणि आयुष्यात कुणाच्या पाठीवर न बसलेली माझी आई दोन्ही हात जावयाच्या गळ्यात टाकून पाठीवर चढली.

काय सांगू तो जिना! मी पुढे, उलटी चालत, यांच्याकडे तोंड करून. मागे दादा खुर्ची आडवी धरून, जिथं थांबतील तिथं टेकायला. त्याच्या मागे मुलगी, झगा दोन्ही हातांत गोळा करून, ओठ घट्ट मिटून. आणि पाठीवर आई, जन्माची मास्तरीण, ती काय गप्प बसणार? "डावं पाऊल. आता उजवं. घाई नको. श्वास नाकाने घ्या, तोंडाने नाही. कठडा धरा." प्रत्येक मजल्यावर दारं उघडायला लागली. पाचव्यावरच्या शिंप्याच्या तोंडात टाचण्या, तो तशाच तोंडाने शुभेच्छा द्यायला गेला. एका दारातून कुणी पाणी आणलं, एका दारातून कुणी पंखा. आईचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः टक्कल पडलेला, तिला बघून सवयीने सरळ उभा राहिला. आईने पाठीवरूनच त्याला विचारलं, चर्चला का दिसत नाहीस रे?

चौथ्या मजल्याच्या खाली मला यांच्या पाठीतून काहीतरी कट्‌कन वाजलेलं ऐकू आलं. यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. मी म्हटलं, अहो, टेका. हे म्हणाले, "आता टेकलो तर पुन्हा उचलता येणार नाही." तो आवाज आईनेही ऐकला असणार, तिचा कान यांच्या मानेपाशीच होता. तिच्या सूचना एकदम बंद झाल्या. थोड्या वेळाने ती हळू आवाजात गायला लागली, उपासनेतलं एक संथ गीत, आणि यांची पावलं त्या तालावर पडायला लागली. पायरीला एक शब्द. तिसरा, दुसरा, पहिला. खाली गाडीत तिला ठेवलं तेव्हा आम्ही सगळे असे ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. मुलगी मात्र ओरडली नाही. ती दुसऱ्या गाडीत जाऊन बसली.

चर्चच्या दारात पाळकसाहेब घड्याळाकडे बघत उभे होते. दादाने गाडी अशी आणली होती की त्याच्या एकाही विद्यार्थ्याने बघू नये. आईला पुढच्या बाकावर बसवलं, टोपी चढवली, बाजा वाजायला लागला. आणि तेव्हा कळलं की यांना सरळ उभं राहता येत नाहीये. कमरेतून वाकलेले ते वाकलेलेच. मुलीला हाताला धरून आत आणायचं ते यांनी, सगळ्या मंडळीसमोर. लग्न ठरल्यापासून हे आरशासमोर चालण्याची तालीम करत होते, मी दाराआडून बघितलंय. आता हे चालले, एक हात मुलीच्या हातात, दुसरा कमरेवर. नवऱ्याकडची एक बाई कुजबुजली, वडील फार वयस्कर दिसतात हो. मी मागे वळून तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढची सगळी गीतं डोळे मिटून गायली.

मुलगी त्यांच्या हाताला हात घालून चालत होती, पण नजर सरळ पुढे. आजीकडे बघून हसली, रडली. बापाकडे तिने बघितलं नाही. पाळकसाहेबांनी संसारात देवाची आज्ञा कशी पाळावी यावर चार शब्द सांगितले, छान सांगितले असावेत. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी यांच्याकडे बघत होते. हे शेवटच्या बाकावर नाही, त्या दिवशी दुसऱ्या बाकावर, वाकून बसले होते आणि लेकीच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, देवा, हिला आता नवऱ्याघरी जायचंय. असं तोंड फिरवून ती गेली, तर हा माणूस मोडेल. ब्रेकच्या पट्ट्या बदलता येतात, मोडलेला माणूस कुठून बदलून आणायचा?

संध्याकाळी सगळं आटोपलं. मुलगी आणि जावई आम्हाला घरी सोडायला आले, तिची पेटी वरच होती. गाडीतून उतरलो, हसत बोलत जिन्यापाशी आलो, आणि सगळे जागच्या जागी थांबलो.

सात मजले. वर.

एवढी डोकी होती आम्ही, सकाळपासून एवढा आरडाओरडा केला, आणि आईला खाली कसं न्यायचं यापलीकडे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की तिला परत वरही जायचंय. दादाने कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "मी इथेच बसते खाली खुर्ची टाकून. पट्ट्या आल्या की येईन वर." ती हे हसत म्हणाली, पण दमली होती. आणि बघते तर हे, वाकलेलेच, कोट काढायला लागले.

"खबरदार," मी म्हटलं. "खबरदार त्या पाठीला हात लावलात तर."

"अगं, माझंच—"

मुलगी येऊन समोर उभी राहिली होती. दिवसभरात पहिल्यांदा तिने यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अर्धवट निघालेला कोट तिने पुन्हा यांच्या खांद्यावर चढवला, पुढून बटण लावलं, सकाळची सदऱ्याची चुकलेली बटणंही दिसली तिला, तीही सोडवून नीट लावली. मग बूट काढून बाजूला ठेवले, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून त्याची गाठ मारली आणि आजीसमोर पाठ करून बसली.

"आजी, चढ."

"अगं वेडे, तुला झेपणार आहे का मी?" आई म्हणाली.

"एक मजला झेपेल. पुढचा हे नेतील." तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

बिचारा पोरगा, लग्न होऊन दिवस मावळला नव्हता. त्याने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे, आणि कोट काढून दादाच्या हातात दिला. मी त्याला तिथल्या तिथे पास केलं. दादाने कोट खांद्यावर टाकला, बाह्या वर केल्या आणि तिसरा मजला माझा म्हणाला.

मुलीने आजीला उचललं. मी हात द्यायला पुढे झाले, तिने मानेनेच नको म्हटलं. पायरी, पायरी, पायरी. चेहरा लालबुंद, केसातली फुलं घसरून मानेवर आलेली, झग्याच्या गाठीवर जिन्याची धूळ. आई पाठीवरून एक शब्द बोलत नव्हती, नुसती रडत होती. आम्ही मागून, आणि सगळ्यात मागे हे, कठडा धरून. पहिल्या मजल्यावर मुलीने आजीला खुर्चीवर टेकवलं आणि स्वतः लिफ्टच्या बंद दाराला टेकून धापा टाकायला लागली. हे शेवटची पायरी चढून वर आले. ती त्यांच्याजवळ गेली.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "पट्ट्या बदलून होईपर्यंत हिच्यात कुणाला बसू देऊ नका. मामाने मागितली तरी किल्ली द्यायची नाही. आईने मागितली तरी नाही."

"नाही देणार."

"मी मागितली तरी."

यांनी वाकल्या वाकल्याच मोज्यातली किल्ली चाचपली आणि मान डोलावली. जावयाने आजीसमोर पाठ केली, आणि आम्ही दुसऱ्या मजल्याकडे निघालो.